आधी जिल्हा, मग तारीख

नमस्कार श्रोतेहो.

2021 मध्ये माझ्या भाचीची कोरोनाच्या लसीची वेळ माझ्यामुळे हुकली. तेव्हा वय 26, राहते इथंच इंदूरच्या सुदामानगरला. चार रात्री मोबाइलला डोळे लावून तिनं कोविनवर, म्हणजे लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, स्लॉट मिळवला होता. 12 मेला आम्ही मराठी वाहिनी लावून बसलो होतो. खालच्या पट्टीत आलं, 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण तूर्त थांबवलं. मी तिला फोन केला, "अगं, बंद झालंय, उद्या उगाच उन्हात जाऊ नकोस." ती गेली नाही. लसीकरण थांबलं होतं ते महाराष्ट्रात. मध्य प्रदेशात 5 मेपासून ते सुरू झालं होतं आणि दुसऱ्या दिवशीही सुरूच होतं.

बातमी खोटी नव्हती, आपली नव्हती एवढंच. आपण इंदूरची मराठी माणसं राहतो इथं, पण मायबोलीतली बातमी येते मुंबई-पुण्याहून. पुण्यातला भाऊ, ठाण्यातली आत्या काळजीपोटी मेसेज पाठवतात. एरवी त्यात काही बिघडत नाही, पण त्या दिवसांत बिघडायचं. महाराष्ट्रात तेव्हा 20 एप्रिलपासून किराणा सकाळी 7 ते 11, ही वेळ तिथली होती. आपल्याकडे 'कोरोना कर्फ्यू' होता, आणि दुकानं केव्हा उघडायची हे आपल्या कलेक्टरच्या आदेशात असायचं. शेजारच्या उज्जैन-देवासचा आदेशही आपल्याला लागू नव्हता.

म्हणून असा आदेशाचा कागद मोबाइलवर आला की मजकूर नंतर वाचा. आधी वर बघा: कार्यालय कोणतं, क्रमांक आहे का, दिनांक कोणता. मग सरळ तळाशी जा. तिथं सही आणि 'कलेक्टर एवं जिला दण्डाधिकारी, इन्दौर' असं असायला हवं. नुसता मधला परिच्छेद कापून फिरत असेल तर तो पुढे पाठवू नका, सकाळच्या पेपरात पूर्ण आदेश बघा. हिंदी वाचायला आपल्याला अवघड नाही, आळस मात्र होतो. माझा तोच नडला.

तेव्हा जिल्ह्याचं आरोग्य बुलेटिन रात्री यायचं. अशा बुलेटिनमध्ये नुसता पॉझिटिव्हचा आकडा बघून घाबरू नका किंवा निर्धास्त होऊ नका. किती सॅम्पल तपासले, तो आकडा शेजारी ठेवा. सॅम्पल कमी तपासले तर रुग्णही कमी दिसतात. शिवाय आजचा रिपोर्ट हा आधी दिलेल्या सॅम्पलचा असतो, त्यामुळे गल्लीतली आजची स्थिती त्यात पूर्ण दिसत नाही.

सगळ्यात जीव तुटायचा तो ऑक्सिजन आणि बेडच्या मेसेजांनी. "तातडीनं संपर्क करा", खाली नंबर, आणि तारीख कुठेच नाही. तीन आठवड्यांपूर्वीचा मेसेज आजचा समजून माणूस फोन करत बसायचा आणि मोलाचा अर्धा तास जायचा. तुम्ही असा मेसेज पुढे पाठवणार असाल तर आधी स्वतः फोन लावा. लागला तर आजची तारीख, वेळ आणि 'इंदूर' या तीन गोष्टी जोडून मगच पाठवा. घरच्या रुग्णाचा ऑक्सिजन 94 च्या खाली गेला तर मात्र मेसेज चाळत बसू नका. डॉक्टरांना फोन करा, रुग्णवाहिकेसाठी 108. आरोग्याच्या माहितीसाठी 104 आहे, आपल्या राज्याची मुख्यमंत्री हेल्पलाइन 181, आणि कोरोनाच्या काळात देशपातळीवर 1075 होता. फोनवर जे सांगतील ते तारखेसकट वहीत लिहा, कारण दोन दिवसांनी तेच बदललेलं असतं.

रामबागेत, नारायणबागेत तेव्हा कितीतरी काका-काकू एकटे होते. मुलं पुण्याला, बंगळूरला. त्यांना ॲप उघडत नव्हतं, लसकेंद्रावर सांगायचा चार आकडी कोड सापडत नव्हता. आमच्या शेजारच्या काकूंना मी तेव्हा रोज सकाळी आठला फोन करायचो आणि रात्रीचं बुलेटिन मराठीत वाचून दाखवायचो. दिनांक आधी, मग आकडे. पेन घेऊन त्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवायच्या. तुमच्या जिन्यावर असं कोणी असेल, तर हे भाषण संपताच त्यांचा नंबर लावा.

नमस्कार.