बिल नंबर १८ आणि सासूबाईंची झोप

नमस्कार मंडळी, कसे आहात? चहा ओतून घेतला असेल तर बसा, आज आपल्या काउंटी कौन्सिलबद्दल बोलायचंय. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), जिला आपण दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स भरतो ती.

आधी पटकन रचना सांगतो. कौन्सिलचे मेंबर अकरा. सात आपापल्या डिस्ट्रिक्टमधून, चार सगळ्या काउंटीतून. २०२२ च्या इलेक्शनपर्यंत नऊच होते. कायदा करतात ते हे अकरा आणि राबवतो तो काउंटी एक्झिक्युटिव्ह. आपल्याकडे झेडपीत अध्यक्ष मेंबरांतून निवडतात आणि सीईओ सरकार पाठवतं, इथे एक्झिक्युटिव्हलाही आपणच मत देतो. (गणपतीत आरती संपली की पुण्याच्या राजकारणावर तासभर बोलणाऱ्यांना आपला डिस्ट्रिक्ट मेंबर कोण ते विचारून बघा, मोदकाकडे बघत बसतात. असो.)

आता माझी गोष्ट. आम्ही जर्मनटाउनला राहतो, तिथे ना महापौर ना नगरपालिका, जे काय ते काउंटीच. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या की बाहेर पेट्रोलवाला लीफ ब्लोअर, म्हणजे हवेने पानं उडवायचं यंत्र, सुरू, भर्रर्र. त्या म्हणायच्या, अहो हे पानं गोळा करतायत की विमान उडवतायत, आमच्याकडे बाई खराट्याने अर्ध्या तासात अंगण साफ करते. २०२२ मध्ये असले पेट्रोलवाले ब्लोअर बंद करायचं बिल, म्हणजे कायद्याचा मसुदा, कौन्सिलपुढे आलं, बिल नंबर १८-२२. बिल आलं की जाहीर सुनावणी असते, नाव नोंदवा आणि बोला, फक्त मोजकी मिनिटं. बायको म्हणाली घरात रोज बोलता तेच तिथे जाऊन बोला.

मग काय, किचनमधला टायमर लावून आठवडाभर प्रॅक्टिस केली. मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून रॉकव्हिलला, तिसऱ्या मजल्यावर. मोठा हॉल, समोर अर्धगोल टेबलामागे मेंबर, माझे हात गार. पहिलं मिनिट नमस्कार-चमत्कारात गेलं, दुसरं सासूबाईंच्या झोपेत, आणि मुद्द्यावर येतोय तोच वेळ संपली! माझ्यानंतर बागकामवाला एक जण आला. कागद नाही काही नाही, म्हणाला आवाज मलाच दिवसभर कानाशी ऐकावा लागतो, पण बॅटरीवालं यंत्र महाग, एका बॅटरीत दिवस निघत नाही, माझ्या चार माणसांचं काय? खरं सांगतो, मान खाली गेली माझी.

पण गंमत बघा, सुनावणीवर संपत नाही. बिल मग कमिटीत जातं, तिथे वाक्य वाक्य चिरतात, दुरुस्त्या होतात, मग सगळ्या कौन्सिलपुढे येतं. पास व्हायला अकरात सहा मतं. एक्झिक्युटिव्हकडे सहीला दहा दिवस, त्याने व्हेटो केला, म्हणजे बिल नाकारलं, तर तो मोडायला सात मतं. परत सांगतो, पास करायला सहा, व्हेटो मोडायला सात. आणि साधा कायदा लगेच नाही, ९१ दिवसांनी लागू.

हे बिल सप्टेंबर २०२३ मध्ये पास झालं. पेट्रोलवाल्या ब्लोअरची विक्री बंद १ जुलै २०२४ पासून, वापर बंद १ जुलै २०२५ पासून, आणि जुनं यंत्र जमा करून बॅटरीवालं घेणाऱ्याला काही पैसे परत द्यायची सोयही केली. तो बागकामवाला बोलला ते कुणीतरी ऐकलं असणार असं मी आपलं धरून चाललोय.

रॉकव्हिल, गेदर्सबर्गवाल्यांनो, तुमची सिटी कौन्सिल वेगळी, काउंटीचा प्रत्येक कायदा तुम्हाला आपोआप लागू होतोच असं नाही, तेव्हा आधी तिथे विचारा.

सासूबाई यंदा परत आल्यात. म्हणतात, आता शेजारचा कुत्रा ऐकू येतो.