जिवंत आहे तोवर माल: खेकडा पाण्यातून मार्केटपर्यंत

हा जो बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतोय ना, तो टोपलीतल्या खेकड्यांचा आहे. पाण्याबाहेर काढलं की खेकडा कल्ल्यांत उरलेलं पाणी पुन्हा पुन्हा फिरवत राहतो, त्यात हवा मिसळते आणि तोंडाशी फेस येतो. कल्ले ओले आहेत तोवर त्याचा श्वास चालू. मड क्रॅब, म्हणजे खारफुटीच्या चिखलात राहणारा मोठा खेकडा, गारव्यात आणि ओलाव्यात नीट ठेवला तर पाण्याबाहेरही आठवडाभर तग धरू शकतो, आणि उन्हात ठेवलात तर संध्याकाळसुद्धा बघणार नाही. मेला की विषय संपला. त्याच्याच पचनग्रंथीतला रस त्याचंच मांस आतून सैल करायला लागतो, जंतू वाढतात, आणि थोड्याच वेळात वास सुटतो. त्यामुळे या धंद्यात तराजू प्रत्येक टप्प्यावर असला तरी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. ज्याच्याकडे खेकडा जास्त वेळ जिवंत ठेवायची सोय तो भाव ठरवणार, सरळ हिशोब आहे, आणि गंमत म्हणजे ज्याने तो पाण्यातून बाहेर काढला त्याच्याकडेच ती सोय सगळ्यात कमी असते.

आता ही होडी बघा. सुंदरबनातल्या खाड्यांमधे अशा लहान होड्यांतून दोघं-तिघं जातात. सोबत लांबच लांब दोरी, तिला थोड्या थोड्या अंतरावर माशाचे तुकडे बांधलेले, आणि गळ एकही नाही. गळाची गरजच पडत नाही, कारण खेकड्याने तुकडा नांग्यात धरला की तो सहजासहजी सोडत नाही. दोरी तळाशी टाकायची, थोडा वेळ थांबायचं, मग एका टोकापासून हळूहळू वर घ्यायची. घाई केली तर गेला. तो तुकड्याला लटकून वर येत असतो आणि पाण्याच्या वरच्या थराशी पोचला, उजेड जाणवला की सोडून देतो, त्यामुळे तो दिसायला लागला न लागला तोच खालून दांड्याचं जाळं घालायचं. एकाचे हात दोरीवर, दुसऱ्याचे डोळे पाण्यात. बोलणं वगैरे फार होत नाही.

हीच युक्ती पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत चेसापीक बे मधे पण चालते. तिथला खेकडा वेगळा, त्याला ब्लू क्रॅब म्हणतात, होडीला इंजिन, बाजूला एक रोलर लावलेला ज्याच्यावरून दोरी आपोआप वर येत जाते, पण बाकी सगळं तेच, बिनगळाची दोरी, बांधलेलं आमिष, आणि काठावर जाळं धरून उभा असलेला एक माणूस. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी खेकड्याची तीच सवय ओळखली. त्याच बे मधे बेंजामिन लुईस नावाच्या माणसाने १९२८ मधे तारेच्या पिंजऱ्याचं पेटंट घेतलं, पुढे १९३८ पर्यंत तो सुधारला, आणि मग दोरीसोबत पिंजरेही तिथे सगळीकडे झाले. आत जायला निमुळतं तोंड, मधे आमिषाचा डबा, आणि खेकडा आत शिरल्यावर वरच्या मजल्यावर चढतो जिथून परत यायची वाट त्याला सापडत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे बिळातून काढणं, त्याला होडी लागत नाही आणि भांडवल तर अजिबातच लागत नाही. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, बीळ शोधायचं, आणि टोक वाकवलेली लोखंडी सळई आत घालून चाचपत चाचपत खेकडा ओढायचा. यात खेकड्याचा पाय तुटतो, कवचाला भोक पडतं, आणि तिथेच त्याचा दर्जा उतरतो. माणसालाही जखमा होतातच, आणि सुंदरबनात तर वाघ आणि मगर दोन्ही आहेत, वनखात्याचा परवाना घेऊन आत जायचं असतं.

पाण्याचं गणित पण डोक्यात ठेवावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खारफुटीत आतपर्यंत चढतं आणि खेकडे जास्त फिरतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी संथ, आणि मिळकतही तशीच. त्यामुळे महिन्यातले काही दिवस सगळ्यांकडे एकदमच माल येतो आणि काही दिवस कुणाकडेच नसतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण माल एकदम आला की भाव पडतो आणि त्या दिवशी थांबायची ताकद पकडणाऱ्याकडे नसते.

आता थोडं जवळून बघू. या हाताने खेकडा मागून धरलाय, शेवटच्या चपट्या पायांच्या मधे, म्हणजे नांगे मागे पोचत नाहीत. उलटा केला की पोटावरची झडप दिसते, नराची अरुंद आणि टोकदार, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंद आणि गोल. मग अंगठ्याने पायांच्या मुळाशी खालच्या बाजूला दाबून बघतात. कडक लागलं तर भरलेला. दबलं तर पोकळ, म्हणजे नुकतीच कात टाकलेला. खेकड्याचं कवच वाढत नाही, त्यामुळे वाढायचं तर जुनं कवच टाकून द्यायला लागतं, बाहेर आल्यावर तो पाणी शोषून फुगतो, नवं कवच कडक होतं, आणि आत मांस भरायला मग काही आठवडे जातात. दिसायला मोठा, वजनाला हलका, आत नुसतं पाणी. मादीचं अजून एक तपासतात, कवच आणि झडप जिथे जुळतात तिथे थोडं दाबून पातळ पडद्यातून नारिंगी अंडाशय दिसतंय का ते. भरली असेल तर काही मार्केटांमधे तिला नरापेक्षा चांगला भाव. म्हणजे जी मादी समुद्राकडे जाऊन लाखांनी अंडी घालणार होती, नेमकी तिलाच सगळ्यात जास्त मागणी. यावर उपाय काय ते मला तरी एका वाक्यात सांगता येणार नाही, पण नियम करणाऱ्यांनी वेगवेगळे रस्ते काढलेत, त्याच्याकडे येतोच.

आधी बांधणी. खेकडा पायाखाली हलकेच दाबून धरायचा, दोन्ही नांगे अंगाशी मिटवायचे, दोरी एका नांग्यावरून खालून दुसऱ्यावर फिरवून मागे गाठ. सवयीचा हात असेल तर काही सेकंदात होतं, नवखा माणूस बोट तरी गमावतो नाहीतर खेकड्याचा नांगा. हो, खेकडा स्वतःच नांगा सोडून देतो, जिवावर बेतलं की. पुढच्या कातींमधे तो परत उगवतो पण व्यापाऱ्याला त्याचं काय, एका नांग्याचा खेकडा म्हणजे खालचा ग्रेड. आणि दोरी ही पण एक स्टोरीच आहे, काही मार्केटांमधे ती इतकी जाड आणि ओली असते की गिऱ्हाईक खेकड्याच्या भावात दोरी विकत घेतं.

बरेच जण म्हणतात पकडलेले खेकडे पाण्याच्या बादलीत टाका, जिवंत राहतील. उलट होतं. साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन दहा-बारा खेकडे पटकन संपवतात आणि सगळे एकदम मरतात. टोपलीत, ओल्या गोणपाटाखाली, सावलीत, मधून मधून खाडीचं पाणी शिंपडत, असे ते जास्त टिकतात. थेट बर्फावर ठेवले तरीही मरतात.

होडी काठाला लागली की समोर व्यापारी उभा असतो. बऱ्याच ठिकाणी तो नुसता खरेदीला आलेला नसतो, होडीच्या डागडुजीला, दोरीला, आमिषाला, घरातल्या आजारपणाला त्याने आधीच उचल दिलेली असते. व्याज तो कधी मागत नाही, फक्त माल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही एवढी अट. मग ग्रेडिंग तो करणार, पोकळ कुठला आणि भरलेला कुठला तो ठरवणार, वजनाचे गट तो पाडणार. वाद घालायला गेलात तर खेकडे टोपलीत फेस काढतायत आणि ऊन चढतंय. इथे घड्याळ कुणाच्या बाजूने आहे ते सांगायला नको. पण व्यापाऱ्यालाही सरसकट व्हिलन करणं मला पटत नाही, कारण बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याला तोच रात्री पैसे देतो, आणि पुढे वाटेत खेकडे मेले तर तो फटका पहिला त्याला बसतो. मग तो खाली सरकवतो हे वेगळं.

पुढचा टप्पा डेपो, म्हणजे सगळीकडचा माल जिथे गोळा होतो ती जागा. इथे परत वजन, परत अंगठा, परत गट. पोकळ निघालेले तलावात किंवा पेट्यांमधे ठेवून दोन ते चार आठवडे खायला घालतात आणि मांस भरलं की विकतात, त्याला फॅटनिंग म्हणतात. स्वस्तात घेतलेला रिजेक्ट माल महिन्याभरात पहिल्या नंबरचा होतो, आणि हा फायदा ज्याच्याकडे तलाव आहे त्याचा. भरलेले लगेच पॅक होतात. भोकं पाडलेल्या बॉक्समधे पोट खाली करून, एकाला एक लावून, ओलावा राहील असे, तापमान पंधरा ते वीस डिग्रीच्या आसपास म्हणजे खेकडा सुस्त राहतो. मग ट्रक, मग एअरपोर्ट, मग फ्लाइट. सिंगापूर असो, हाँगकाँग असो की चीनमधलं शहर, तिथे बॉक्स उघडला की पहिलं काम मेलेले मोजायचं.

ही साखळी किती ताणलेली आहे ते २०२०च्या जानेवारीत दिसलं. बांगलादेशातला बहुतेक जिवंत खेकडा चीनला जायचा, आणि तिथल्या नववर्षाच्या सणाला तर मागणी शिगेला असते, त्या हिशोबाने डेपो आणि तलाव भरून ठेवलेले. कोविड आला, चीनची खरेदी थांबली आणि खुलना-सातखीरा भागात खेकडे तलावातच मरायला लागले. भरलेली मादी फार दिवस थांबवता येत नाही आणि एवढा माल वळवायला दुसरं मार्केट तयारच नव्हतं.

सगळेच खेकडे जिवंत जातात असंही नाही. निळसर रंगाचा, उथळ समुद्रात पोहणारा ब्लू स्विमिंग क्रॅब पाण्याबाहेर फार टिकत नाही. त्यामुळे इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम इथे तो किनाऱ्याजवळच्या लहान लहान युनिटमधे लगेच उकडतात किंवा वाफवतात आणि बायका बसून हाताने मांस सोलतात. हे काम बघत राहावं असं आहे. मागच्या वल्ह्यासारख्या पायाला जोडलेले दोन मोठे स्नायू असतात, ते अख्खे निघाले तर सगळ्यात वरचा ग्रेड, जंबो लंप. तुटले तर खालचा. हाताला किंचित झटका बसला की ग्रेड गेला. मग डब्यात भरून पाश्चराइज करतात, फ्रीजमधे ठेवलं की महिनोन्महिने टिकतं, आणि इथे पहिल्यांदा कुणीतरी घड्याळ थांबवतं, पण थांबवणारा कारखाना असतो, होडीवाला नाही.

सॉफ्ट शेलचा, म्हणजे नुकतीच कात टाकलेल्या मऊ कवचाच्या खेकड्याचा, धंदा तर कात टाकण्याच्या त्या काही तासांवरच उभा आहे. चेसापीकमधे लोक खेकड्याच्या शेवटच्या पायाच्या कडेवरची रेघ बघतात, पांढरी असेल तर अजून वेळ आहे, गुलाबी झाली तर जवळ आलंय, लाल झाली की एक-दोन दिवसांत कात टाकणार. मग रात्रभर टाक्यांवर फेऱ्या. मऊ झालेला खेकडा पाण्यात राहिला तर कडक व्हायला लागतो, म्हणून लगेच बाहेर.

नियमांचं सांगायचं राहिलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधे मड क्रॅबची मादी पकडायचीच नाही, आणि नरसुद्धा पंधरा सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. इंडोनेशियाने २०१५ मधे ब्लू स्विमिंग क्रॅबसाठी दहा सेंटीमीटरची मर्यादा घातली. बांगलादेशच्या सुंदरबनात जानेवारी-फेब्रुवारी बंदी असते. कागदावर सोपं आहे सगळं, पण उचल घेतलेल्याला दोन महिने घर चालवायचं असतं आणि लहान खेकडा घेणारा कुणीतरी काठावर उभा असतोच. पकडणाऱ्याला दंड करण्यापेक्षा डेपोच्या दारात मोजपट्टी लावली तर जास्त उपयोग होईल असं माझं मत.

हरवलेल्या पिंजऱ्यांचा प्रश्न वेगळाच. दोरी तुटली की पिंजरा तळाशी बसतो आणि आपला पकडत राहतो, आतला मेला की तोच पुढच्याचं आमिष. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २००८ नंतर काही वर्षं हिवाळ्यात काम बंद असलेल्या मच्छीमारांनाच पैसे देऊन असे पिंजरे काढून घेतले, तीस हजारांहून जास्त निघाले. आता काही ठिकाणी पिंजऱ्याला आपोआप कुजणारी खिडकी लावतात, म्हणजे पिंजरा हरवला तरी काही काळाने खिडकी गळून पडते आणि खेकडे बाहेर.

आणि पकडणाऱ्याला थांबता यावं म्हणून काय करता येतं, तर खाडीतच तरंगत्या पेट्या. भांगेच्या दिवसांत, माल कमी असताना विकायचं, पोकळ निघालेला तिथेच भरायचा, दोन व्यापाऱ्यांना फोन करून भाव विचारायचा. जमतं हे. पण खेकडे एकत्र ठेवले की एकमेकांना खातात, त्यातही कात टाकलेला पहिला जातो, म्हणून प्रत्येकाला वेगळा खण लागतो, रोज खायला घालावं लागतं, रात्री राखण करावी लागते. त्या पेट्यांना पैसे कुठून आणायचे असं विचारलं की बहुतेक वेळा परत त्याच व्यापाऱ्याचं नाव निघतं.