दिवसा ज्युलियार्ड, रात्री जॅझ: ह्युबर्ट लॉजची फ्लूट

नमस्कार मंडळी! हेडफोन असतील तर जवळ ठेवा, शेवटी लागणारेत. आज अमेरिकन फ्लूटवादक ह्युबर्ट लॉज.

जन्म १९३९, टेक्सासमधलं ह्यूस्टन. शाळेच्या ऑर्केस्ट्रात फ्लूटसाठी बदली माणूस हवा होता, हा पुढे झाला आणि फ्लूट कायमची हातात आली. त्याआधी पियानो, क्लॅरिनेट वाजवून झालेलं, आणि पोरवयात तो ज्या बँडमधे होता तोच पुढे जॅझ क्रुसेडर्स म्हणून गाजला! १९६० मधे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीत विद्यालयाची स्कॉलरशिप, गुरू फ्लूटवादक ज्युलियस बेकर. दिवसा त्यांच्याकडे धडे, आणि मग रात्री क्यूबन तालवादक मोंगो सांतामारियाच्या लॅटिन बँडमधे.

आता एकापेक्षा जास्त फुंकवाद्यं वाजवण्यात अवघड काय ते बघा. सॅक्सला (सॅक्सोफोनला) रीड असते, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी, माउथपीस तोंडात धरायचा, खालचा ओठ दातांवर दुमडायचा. फ्लूटला रीडच नाही, ओठांच्या बारीक फटीतून हवा भोकाच्या कडेवर सोडायची. म्हणून बराच वेळ सॅक्स वाजवून लगेच फ्लूट उचलली की ओठ ऐकत नाहीत, सूर फुसफुसत येतो. क्लॅरिनेटचं तर गणितच वेगळं, सॅक्स-फ्लूटवर वरच्या सप्तकात बोटं बरीचशी तीच राहतात, पण क्लॅरिनेटवर खाली सा वाजत असेल तर त्याच बोटांनी वरच्या सप्तकातला प येतो!

लॉजने मुख्य वाद्य फ्लूटच ठेवलं, पण खरी कसरत मला पुढे दिसते. साठच्या दशकाच्या शेवटापासून १९७२ पर्यंत तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा ऑर्केस्ट्रात आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधे होता. म्हणजे गप्प बसून मात्रा मोजायच्या, कंडक्टरच्या हाताकडे बघायचं आणि आपली जागा आली की एकच सूर इतका हळू लावायचा की शेजारच्या ओबोत मिसळून गेला पाहिजे. जॅझमधे नेमकं उलटं, तिथे तुझा सूर तुझाच वाटला पाहिजे, लय जराशी मागे ओढलेली, पुढची ओळ तिथल्या तिथे सुचलेली. दोन्हीकडे वाद्य तेच, श्वास मात्र वेगळा, आणि हे रोज बदलता येणं म्हणजे काय तयारी असेल! २०११ ला त्याला एनईए जॅझ मास्टर हा अमेरिकेतला जॅझचा मोठा राष्ट्रीय मान मिळाला, तो मिळायलाच हवा होता.

त्याचा १९७१ चा ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ अल्बम शोधा. त्यात स्ट्राव्हिन्स्की आहे, बाख आहे आणि डेब्युसीचं ‘सिरिंक्स’ पण आहे, जे मुळात एकट्या फ्लूटसाठी लिहिलेलं. हेडफोन लावा, ‘सिरिंक्स’पासून सुरू करा, आणि सूर संपताना तो हवा कशी सोडतो तेवढंच आधी ऐका.