मेरोपेनेम अजून का चालू आहे?

(दृश्य: धुळे. रुग्णालयातला मेडिसिन वॉर्ड, सकाळचा राऊंड)

डॉक्टर, सिस्टर, इंटर्न. आणि केस पेपर चाळणाऱ्या या क्लिनिकल फार्मासिस्ट ताई. औषधाच्या खिडकीवरच्या नव्हेत. भारतात २००८ साली सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. हा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून त्या थेट वॉर्डात आल्या.

खाटेवर साक्रीकडचे नाना. लघवीतला संसर्ग, अंगात फणफणून ताप. रक्त-लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला पाठवून लगेच मेरोपेनेम हे तगडं प्रतिजैविक इंजेक्शनने सुरू झालं. तेव्हा ते बरोबरच होतं. जंतू ओळखेपर्यंत थांबायला वेळ कुठे होता?

(दृश्य: प्रयोगशाळा, प्लेट अगदी जवळून)

ही प्लेट नीट बघा. नानांच्या लघवीतला ई. कोलाय हा जंतू अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर पसरलाय, वर प्रतिजैविकांच्या चकत्या. ३५ अंशांवर रात्र काढली की जिथं औषध चालतं तिथं चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला मात्र जंतू पार खेटून बसलेत. आणि हे वर्तुळ को-ट्रायमोक्साझोलचं. जुनी, स्वस्त गोळी.

(दृश्य: पुन्हा वॉर्ड)

रिपोर्ट येतो तो बहुतेक तिसऱ्या दिवशी. तोवर ताप उतरलेला, सगळे निवांत, आणि सलाईनसोबत मेरोपेनेम तसंच चालू. कुणाचं वाईट चाललेलं नसतं, म्हणून कुणी विचारत नाही. ताई विचारतात. रक्तातलं कल्चर निरंक, नाना भाकरी खातायत, मग इंजेक्शन कशाला? पण नानांना बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. त्यावर को-ट्रायमोक्साझोल दिलं तर रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम बघितलं, डोस ठरवला, पुन्हा रक्त कधी तपासायचं तेही लिहिलं. सही डॉक्टरांची. प्रश्न ताईंचा, आणि आमच्या मते तोच महागडं औषध वाचवतो.

प्रतिजैविकं उगाच चालू राहिली की जंतू त्यांना सरावतात. अशा, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे.

(दृश्य: डिस्चार्ज. ताई, नाना, मुलगा)

“नाना, बरं वाटनं तरी गोया सोडू नका.”

अहिराणी ऐकून नाना हसतात. मुलगा पाकीट उलटंपालटं करून विचारतो, आईलाही लघवीला जळजळतं, यातल्याच दोन दिल्या तर? ताई पाकीट त्याच्या हातून घेऊन नानांच्या हातात देतात. आईला उद्या ओपीडीत घेऊन ये म्हणतात.