टोपलीखाली काय आहे

श्रोतेहो, नमस्कार.

मार्चमधला शनिवार, संध्याकाळचे सहा. वेळासच्या किनाऱ्यावर आम्ही पन्नासएक माणसं दोरीच्या अलीकडे उभी. कासवमित्रानं, म्हणजे कासवांच्या अंड्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्यानं, कुंपणातल्या घरट्यांवर पालथी घातलेली एकेक टोपली उचलून पाहिली आणि मान हलवली. कासवाचं एकही पिल्लू नाही. शेजारचे गृहस्थ वैतागले, "अहो, सात तास गाडी चालवत आलोय!" कासवमित्र शांतपणे म्हणाला, "त्यांना कुणी कळवलं नाही ना."

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून माहीत असलेलं. आम्ही हरिहरेश्वरकडून बागमांडल्याला आलो, फेरीबोटीत गाडी घातली, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून पुढे गेलो. गावात हॉटेलं शोधू नका. लोकांच्या घरीच उतरायचं. ओसरीवर गाद्या, पंगतीला भात-आमटी आणि वर सोलकढी. माझ्या मते निम्मी सहल तिथंच वसूल होते.

या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री येतात, मडक्याच्या आकाराचा खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटतात आणि निघून जातात. पुन्हा वळून बघत नाहीत. पूर्वी ही अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाट्याला. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था २००२ मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी फिरत होती, तेव्हा इथं कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि काम सुरू झालं. गंमत बघा, शोधत होते गरुड! पुढे गावकरीच राखणदार झाले. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी हलक्या हातानं काढून कुंपणातल्या तशाच खड्ड्यात ठेवायची. पुढे साधारण पन्नास दिवस ऊब वाळूचीच. पिल्लू नर होणार की मादी, हेही ती ऊबच ठरवते: वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

२०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा.

असो. रविवारी पहाटे पुन्हा गेलो. यावेळी टोपली उचलली तर खाली वाळू हलत होती. आधी एक काळं नाक, मग तळहातात मावेल एवढं अंग, डोळे वाळूनं माखलेले. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना ओल्या वाळूवर सोडलं. उचलून पाण्यात टाकत नाहीत, चालायचं त्यांनीच. कुणी सरळ, कुणी तिरकं. एकाला लाटेनं उलटं करून परत आणून टाकलं. त्यानं हातपाय हलवले, सुलटं झालं आणि पुन्हा निघालं. सात तासवाले गृहस्थ मोबाइल खिशात घालून गुडघ्यांवर बसले होते.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, आधी फोन करून पिल्लं निघताहेत का विचारा, आणि किनाऱ्यावर बॅटरी लावू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात.

शेवटचं पिल्लू फेसात दिसेनासं झालं, तेव्हा कासवमित्रानं वहीत आकडा लिहिला: अकरा. त्या घरट्यातली बाकीची अजून वाळूखालीच होती. त्यानं टोपली पुन्हा पालथी घातली.