खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची?

(महिला बचत गटांच्या मेळाव्यात एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भगिनींनो आणि बांधवांनो,

परसातल्या कोंबड्यांविषयी बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, येतो आणि दुसरा खाद्याचा. खुडूक, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. तिच्याविषयी आपल्याला सगळे ठाऊकच आहे, असे आपण धरून चालतो. परंतु नोकरीच्या काळात मी जी खुराडी पाहिली, त्यांत रोगाने होणाऱ्या नुकसानीच्या खालोखाल नुकसान मला याच ठिकाणी दिसले, आणि ते अज्ञानाने नव्हे तर चालढकलीने झालेले होते. कोंबडी खुडूक झाली की तिला अंडी उबवायला बसवायची की त्यातून उठवायची, हे दोन-तीन दिवसांत ठरले पाहिजे. ते न ठरवता तिला रिकाम्या टोपलीत तशीच बसू दिले, तर ती महिना-महिना उठत नाही, हाडकते, आणि हाती अंडेही येत नाही, पिल्लूही येत नाही.

हा आजार नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. दहा-पंधरा अंडी घालून झाली की गावठी कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, अंडाशय आकसू लागते आणि अंडी बंद होतात. तिच्या पोटाखालची पिसे गळून उघडी पडलेली कातडी अंड्यांना थेट ऊब देते. हात घातला की ती पिसे फुलवून चोच मारते आणि घशातून तो ओळखीचा खुडखुड आवाज काढते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, घाईघाईने उठून दाणे टिपते, पाणी पिते, एकच मोठी आणि उग्र वासाची विष्ठा टाकते व परत जाऊन बसते. टोपलीच्या उबेचा आणि अंड्यांचा स्पर्श त्या उघड्या कातडीला होत राहिला की प्रोलॅक्टिन टिकून राहते. हा मुद्दा विसरू नका, कारण उठवण्याचा सगळा उपाय त्यावरच आधारलेला आहे.

बसवायची की उठवायची, याचे उत्तर निम्मे ऋतू देतो. दिवाळीपासून माघापर्यंत बसवलेल्या कोंबडीची पिल्ले चांगली निघतात आणि जगतातही. वैशाखात बसवण्याचा मोह मात्र टाळावा. अंड्यातला गर्भ साधारण एकवीस अंशांच्या वर तापमान गेले की थोडाथोडा वाढू लागतो. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात फळीवर आठ दिवस साठवलेली अंडी कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट वाढून आतल्या आत मेलेली असतात. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच दिवसांत एका लहानखुऱ्या कोंबडीखाली पंधरा अंडी ठेवायला लावली होती. त्यांतून तीन पिल्ले निघाली, आणि त्या घरच्या आजीबाईंनी मला जे ऐकवले ते इथे सांगण्यासारखे नाही. ऐन पावसाळ्यातही अंडी फुटतात, पण ओल्या जमिनीवर भिजलेले पिल्लू टिकत नाही.

बसवायचे ठरले, तर अंडी निवडून घ्यावीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा कळपात असला पाहिजे. अंडी सात दिवसांपेक्षा, आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा, जुनी नसावीत. ती फ्रीजमध्ये न ठेवता गार कोपऱ्यात, जाड टोक वर करून ठेवावीत. तडकलेले, फार लांबट किंवा पातळ कवचाचे अंडे बाजूला काढून सरळ खायला वापरावे. मध्यम गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. त्याहून जास्त ठेवली तर कडेची अंडी आळीपाळीने गार पडतात आणि लोभापायी सगळ्यांचेच नुकसान होते. टोपलीत तळाला थोडी कोरडी माती किंवा राख पसरून वर पेंढा अंथरावा आणि त्यात कडुलिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला घालावा. पिसवा आणि उवा एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीवर तुटून पडतात, आणि रवण (अंडी उबवणे) अर्धवट सोडून उठलेल्या कोंबडीच्या टोपलीत बहुधा त्याच सापडतात. काही घरांत टोपलीत कोळसा, लोखंडाचा तुकडा किंवा वाळलेली मिरची ठेवतात. त्याने आकाशातल्या विजेपासून अंडी राखली जातात की नाही यावर मी वाद घालणार नाही, ठेवायचे तर ठेवा, पण त्याबरोबर पालाही घाला.

कोंबडीला रात्री अंधारात अंड्यांवर बसवावे, म्हणजे ती नवी जागा बिनतक्रार स्वीकारते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत नवी अंडी घालून जातात आणि विसाव्या दिवशी कोणते अंडे कितव्या दिवसाचे हे कोणालाच सांगता येत नाही. बिनखुणेचे अंडे रोज काढून घ्यावे. सातव्या रात्री मोबाइलच्या विजेरीवर अंडे धरून पाहावे. लाल शिरांचे जाळे आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर गर्भ आहे. अंडे स्वच्छ दिसले तर ते वांझ समजून काढावे. अंडी फिरवण्याचे काम कोंबडी स्वतः करते, तिथे आपली लुडबूड नको. दाणा-पाणी टोपलीपासून दोन पावलांवर ठेवावे. ते टोपलीतच दिले तर ती उठत नाही आणि अंड्यांवरच घाण करते.

एकविसाव्या दिवशी पिल्ले निघताना आपला हात सर्वांत जास्त शिवशिवतो. कवच सोलून पिल्लू बाहेर काढू नये. त्याच्या शिरांतले रक्त अजून आत ओढले जात असते. पहिला दीड दिवस ते पोटातल्या बलकावर जगते, म्हणून कोंबडी टोपलीतून उठली नाही तरी काळजीचे कारण नाही. त्यानंतर तांदळाच्या बारीक कण्या, भरडलेली ज्वारी-मका आणि उथळ थाळीत खडे टाकून पाणी द्यावे. पहिले दोन-तीन आठवडे आईसकट पिल्ले डालग्याखालीच ठेवावीत. घार, मुंगूस आणि शेजारचा बोका, हे तिघे मिळून नाहीतर निम्मी पिल्ले नेतात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस आणि सहा-आठ आठवड्यांनी मानमोडीची दुसरी लस चुकवू नये. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरते आणि उघडल्यावर टिकत नाही. म्हणून गटातल्या सर्वांनी आठवड्याच्या अंतराने वाटेल तसे न बसवता एकाच वेळी कोंबड्या बसवाव्यात. एकाच दिवशी दोन कोंबड्यांची पिल्ले निघाली, तर रात्री सगळी पिल्ले एकीच्या पंखाखाली सरकवता येतात आणि दुसरी मोकळी होऊन लवकर अंड्यावर येते. पिल्लांमागे दोन-अडीच महिने हिंडणारी कोंबडी त्या काळात अंडे घालत नाही, हा खर्च आपण कधी मोजतच नाही.

आता उठवण्याविषयी. नाकपुडीत पीस खोवणे, पाण्यात बुडवणे, पाय बांधून ठेवणे हे प्रकार मी पाहिलेले आहेत. नाकात पीस खोवल्याने जखम होते आणि थंडीत भिजलेली कोंबडी आजारी पडते, म्हणून हे उपाय मला मुळीच मान्य नाहीत. त्याऐवजी तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा जमिनीपासून हातभर उंच, उजेडात आणि वाऱ्यावर ठेवावा. त्यात पेंढा घालू नये, दाणा-पाणी मात्र भरपूर द्यावे. खालून वारा लागून पोटाची ऊब मोडली की प्रोलॅक्टिन उतरते. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पिंजऱ्यात घातलेली कोंबडी तीन-चार दिवसांत शांत होते. पंधरा दिवस बसू दिलेली मात्र बराच काळ हट्ट सोडत नाही. सोडल्यावर ती पुन्हा टोपलीकडे धावली तर आणखी दोन दिवस आत ठेवावी. खुडूकपणा गेल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती अंडे देऊ लागते. अंडी रोज संध्याकाळी उचलली तर मुळात खुडूक होण्याचे प्रमाणच कमी होते.

इथे अनेकींनी वनराज आणि गिरिराज या सुधारित जातींचे पक्षी घेतलेले आहेत. अंडी आणि मांस दोन्ही जास्त मिळावे म्हणून निवड करून तयार केलेल्या या कोंबड्या सहसा रवणाला बसत नाहीत, आणि कडकनाथही त्या कामात कच्चाच. कळपात दोन-तीन गावठी कोंबड्या केवळ बसवण्यासाठी राखून ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाला पन्नास अंडी देणारी म्हणून जिला आपण विकायला काढतो, तीच एका खेपेत दहा पिल्ले विजेशिवाय काढून देते. बाजारातून आणलेली एक दिवसाची पिल्लेसुद्धा रात्री तिच्या पंखाखाली सरकवली तर बहुतेक वेळा ती आपलीच मानते. मात्र ती निदान आठ-दहा दिवस टोपलीत बसलेली असावी.

पंधराव्या दिवशी कोंबडी रवण सोडून उठली तर काय करायचे, असा प्रश्न आताच एका ताईंनी विचारला. अंडी गार लागली म्हणून ती लगेच टाकून देऊ नयेत. वाढलेला गर्भ काही तासांचा गारवा सोसतो. दुसरी खुडूक कोंबडी असेल तर त्याच रात्री अंडी तिच्याखाली द्यावीत आणि दोन दिवसांनी विजेरीवर पाहावीत. पहिल्या कोंबडीच्या पंखाखाली आणि टोपलीच्या तळाशी आधी पिसवा शोधा.