विश्वास नसलेल्याची सही

मित्रहो, आज ज्या केंब्रिज विद्यापीठाविषयी बोलायचं आहे त्याचं नाव आपण लहानपणापासून आदराने घेत आलो आहोत. कोकणात तर जास्तच, कारण दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये तिथे सीनियर रँग्लर झाले. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परांजपे देव मानत नव्हते, आणि ते त्यांनी आयुष्यात कधी लपवलं नाही. पण आणखी तीस वर्षं आधी जन्मले असते, तर परीक्षेत पहिले येऊनही त्यांना केंब्रिजमध्ये फेलोशिप, म्हणजे कॉलेजचं पगारी सभासदत्व, मिळालं नसतं. का, ते सांगायचं आहे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही आज आपल्याला निव्वळ विद्येची ठिकाणं वाटतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती इंग्लंडच्या चर्चची विद्यापीठं होती. कॉलेजचे फेलो बहुतेक पाद्री, नाहीतर पुढे पाद्री होण्याच्या बोलीवर नेमलेले. चॅपेलमधली, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनाघरातली, हजेरी सक्तीची. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक सही होती. चर्चची श्रद्धा ३९ कलमांत लिहून ठेवलेली होती. ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाच त्या कलमांखाली सही करावी लागे, हा नियम १५८१ पासूनचा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव इथपासून ते कुणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवलंय इथपर्यंतच्या सगळ्या सिद्धांतांना मान्यता देत असे, आणि मग लॅटिन शिकायला बसत असे. केंब्रिज थोडं सैल होतं. तिथे शिकायला कुणालाही बसता येई, अडवणूक व्हायची ती पदवी घेताना. बी. ए.साठी ‘मी इंग्लंडच्या चर्चचा खराखुरा सभासद आहे’ अशी कबुली द्यावी लागे, आणि एम. ए.साठी सही.

ऑक्सफर्डमधली एक गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. कवी शेली युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना त्याने आणि त्याच्या एका मित्राने नास्तिकतेची बाजू मांडणारं एक छोटं पत्रक छापलं आणि ते थेट बिशपांना आणि कॉलेजप्रमुखांना पाठवलं. ‘हे तू लिहिलंस का’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याने नकार दिला. २५ मार्च १८११ रोजी दोघांनाही काढून टाकलं. त्याच कॉलेजात आज शेलीचा संगमरवरी पुतळा आहे. मला त्या हकालपट्टीपेक्षा त्या पत्रकातला युक्तिवाद महत्त्वाचा वाटतो. विश्वास ठेवणं हे माणसाच्या इच्छेवर नाही, असं त्यात म्हटलं होतं. पुरावा पटला तर मन मानतं, नाही पटला तर मानत नाही. म्हणजे न मानणं हा गुन्हा ठरूच शकत नाही. अठरा वर्षांच्या मुलाने केवढ्या नेमक्या जागी बोट ठेवलं होतं पाहा. सही हाताकडून करून घेता येते. मनाकडून काय करून घेणार?

शेली मुळात बंडखोर. त्याला शिक्षा भोगायची तयारीच होती. पण ज्यांना बंड करायचं नव्हतं, ज्यांना त्या जागेवर मनापासून प्रेम होतं, तिथेच राहून गणित करायचं होतं, ग्रीक वाचायचं होतं, त्यांचं काय झालं?

ऑगस्टस डी मॉर्गन. त्याचा जन्म आपल्याकडचा, मदुराईचा, १८०६ चा. १८२७ मध्ये तो केंब्रिजला चौथा रँग्लर झाला. एम. ए.ची सही त्याने केली नाही, त्यामुळे फेलोशिपचा रस्ता बंद झाला. सुदैवाने लंडनमध्ये १८२६ साली धर्माची कुठलीही अट नसलेली नवी संस्था निघाली होती, आजचं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन. टीकाकार तिला ‘गॉवर स्ट्रीटवरची देवहीन संस्था’ म्हणत. तिथे एकविसाव्या वर्षी तो गणिताचा प्राध्यापक झाला. या माणसाचा कस पुढे लागला. १८६६ मध्ये त्याच संस्थेने जेम्स मार्टिनो यांना प्राध्यापकपद नाकारलं, कारण ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यावर डी मॉर्गनने राजीनामा दिला. धर्म मानतो म्हणून डावलणं आणि मानत नाही म्हणून डावलणं, दोन्ही त्याला एकाच मापाने चूक वाटत होतं. बुद्धिवादी म्हणवणाऱ्या आपल्या लोकांनी हा राजीनामा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याचा विद्यार्थी जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर. हा ज्यू. १८३७ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून दुसरा रँग्लर आला. ख्रिस्ती चर्चचा सभासद असल्याची कबुली देणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून पदवीच नाही. शेवटी डब्लिनहून पदवी घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या बीजगणितज्ञांपैकी एक, आणि स्वतःच्या विद्यापीठाची पदवी त्याला मिळाली १८७२ मध्ये. पस्तीस वर्षांनी!

इथे कुणी म्हणेल, तुम्ही बोलायला निघालात नास्तिकांविषयी, आणि मध्येच ज्यू गणिती कुठून आला? याच ठिकाणी मला जे म्हणायचं आहे ते आहे. ही सही नेमकी कुणाला अडवत होती? ज्यू माणसाला ती अशक्यच होती, कारण ती करणं म्हणजे आपल्या माणसांना नाकारणं. वेगळ्या पंथाच्या श्रद्धाळू ख्रिश्चनालाही ती जड जाई. पण ज्याला कशाचंच काही वाटत नाही, त्याला अडचण कसली? शब्द पोकळच आहेत, मग एक सही केली काय आणि दहा केल्या काय! म्हणजे अश्रद्धेला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेल्या या चाळणीतून बेफिकीर अश्रद्ध सहज खाली पडत होते आणि वर अडकत होते ते शब्दाला जागणारे लोक. अशा विद्यापीठात कालांतराने कोण उरतं याचा विचार करा. विश्वास असलेले उरतात, हे ठीकच. त्यांच्यासोबत उरतात विश्वास नसूनही गप्प बसायला शिकलेले. आणि ते पुढे शिक्षक होतात. नीतिशास्त्र शिकवतात.

ही गोष्ट ज्याला सहन झाली नाही, तो हेन्री सिज्विक. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो. वडील पाद्री. बहिणीचा नवरा एडवर्ड बेन्सन, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप, इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू झाला. म्हणजे घरातच चर्च. १८५९ मध्ये फेलोशिप मिळाली तेव्हा सिज्विकने चर्चचा सभासद असल्याची कबुली दिली होती, आणि ती खोटी नव्हती. शंका नंतर आल्या. त्याने त्या हलक्या हाताने घेतल्या नाहीत. मुळातून तपासून पाहायचं म्हणून तो हिब्रू आणि अरबी शिकला, काही वर्षं त्यातच घालवली. अखेरीस, चमत्कारांवर आपला विश्वास उरलेला नाही, असं त्याच्या ध्यानात आलं. तो कडवा नास्तिक झाला असं नाही. देव असावा असं त्याला वाटत राहिलं, मरणानंतर काही उरतं का याचा पुरावा तो आयुष्यभर शोधत होता. पण ज्या कबुलीवर आपण इथे राहतो आणि पगार घेतो, ती आता आपली नाही, एवढं त्याच्यापुरतं स्पष्ट होतं.

त्याला कुणी हटकलं नव्हतं. तक्रार नव्हती, चौकशी नव्हती. सहकाऱ्यांपैकी कित्येकांची अवस्था तीच होती आणि ते आरामात होते. १८६९ मध्ये त्याने फेलोशिप सोडली. कॉलेजने त्याला साधा व्याख्याता म्हणून ठेवून घेतलं, त्या पदाला धर्माची अट नव्हती. पुढच्या वर्षी त्याने या प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली. मनात नसलेल्या कलमांखाली सही ठेवून माणसाने किती दिवस राहावं, सामान्य माणसाला किती सूट द्यावी, पाद्र्याला किती, असे सगळे बारकावे त्यात आहेत. मला त्यातली सहानुभूती फार मोलाची वाटते. जे गप्प राहिले त्यांना तो ढोंगी म्हणत नाही. नोकरी, कुटुंब, म्हातारे आईवडील, ज्या चर्चमध्ये आपण वाढलो त्याबद्दलची माया, हे सगळं तो जाणतो. पण रोज प्रामाणिकपणाच्या सवयीला थोडा थोडा धक्का बसतो तेव्हा समाजाचं किती नुकसान होतं, तेही तो जाणतो.

सिज्विकने फेलोशिप सोडली त्याच १८६९ साली, त्याच ट्रिनिटीत, न्यूमा हार्टोग नावाचा तरुण सीनियर रँग्लर झाला होता. हाही ज्यू. तोवर कायदा थोडा सुधारला होता, १८५६ पासून पदवी मिळू शकत होती. पदवी देताना म्हणायच्या पित्यापुत्राच्या नावाचा उच्चार वगळण्यासाठी हार्टोगकरता विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. पण फेलोशिप? ती अजून बंदच होती. १८६९ सालच्या ट्रिनिटीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. देशातला सर्वांत हुशार गणिती फेलो होऊ शकत नाही, आणि एक सच्चा फेलो राहू शकत नाही. या दोन घटनांनी जे झालं ते वर्षानुवर्षांच्या अर्जविनंत्यांनी झालं नव्हतं. हार्टोगने ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. १६ जून १८७१ रोजी कायदा झाला, आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरहॅम इथल्या धर्मशास्त्र सोडून बाकीच्या पदव्या आणि पाद्र्यांसाठी राखीव नसलेली पदं धर्माच्या अटीतून मोकळी झाली. पंतप्रधान होते ग्लॅडस्टन, स्वतः अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ. चॅपेल बंद झालं नाही, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना सुरूच राहिल्या. आणि हार्टोग? कायदा झाल्यावर तीनच दिवसांनी देवीच्या रोगाने गेला. वय पंचवीस.

त्याच दारातून परांजपे आत गेले. कॉलेज कोणतं, तर सेंट जॉन्स, जिथून सिल्व्हेस्टर पदवीविना बाहेर पडला होता. परांजपे तिथे शिकत असतानाच १८९७ मध्ये सिल्व्हेस्टर वारला. १९०१ मध्ये परांजपे त्या कॉलेजचे फेलो झाले. त्यांनी कुठल्या देवाची साक्ष काढली नाही, कुणी काढायला सांगितली नाही. मग सगळं सोडून पुण्याला आले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. काही वर्षांपूर्वी त्या खुर्चीवर आगरकर बसले होते, तेही देव न मानणारे. आपल्याकडे परांजप्यांच्या हुशारीच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. ज्यांनी आपली पदवी आणि फेलोशिप गमावून ते दार उघडलं, त्यांची नावं मात्र आपण मुलांना सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्याच ठिकाणी लेखी अट असते असंही नाही. परांजप्यांचे नातलग, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. मिशनऱ्यांचं कॉलेज. नास्तिकपणामुळे नव्हे, पण संततिनियमनाच्या उघड प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना ते सोडावं लागलं. संस्थेला काय खपतं आणि काय नाही, हे कागदावर नसलं तरी आतल्या माणसाला बरोबर कळत असतं.

आणि हे सगळं संपलं म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेत युटा राज्यात, प्रोव्हो गावी, मॉर्मन चर्चचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. १८७५ पासूनचं, आणि उत्तम. मॉर्मन नसलेल्यालाही तिथे शिकता येतं. पण दर वर्षी धर्माधिकाऱ्याची शिफारस लागते, आणि मॉर्मन म्हणून आलेल्याने शिकता शिकता चर्चचं सभासदत्व सोडलं, तर त्याला तिथे राहता येत नाही. तिसऱ्या वर्षाला असताना ज्याची श्रद्धा गेली, त्या मुलामुलीने काय करायचं? पदवी हातात येईपर्यंत गप्प बसायचं. आईवडिलांसमोर, खोलीतल्या सोबत्यासमोर, शिफारस देणाऱ्या बिशपसमोर. सिज्विकचं वय आणि पद त्यांच्याकडे नसतं. त्यांनी राजीनामा द्यायचा तरी कशाचा?

मी धर्मसंस्थांच्या विद्यापीठांच्या विरोधात नाही. श्रद्धावानांनी पोटाला चिमटा घेऊन उभारलेल्या संस्थांत पिढ्यान् पिढ्या शिकल्या, त्यांत मीही आलो. त्यांनी प्रार्थना करू नये असं मी कधीही म्हणणार नाही. प्रार्थनेच्या वेळी अदबीने उभं राहणं हे नास्तिकाचंही कर्तव्य आहे, असं मी मानतो. पण ‘मी मानतो’ असं त्याच्याकडून वदवून घेऊ नये. त्याने तसं म्हटल्याने तुमच्या देवाला काय मिळतं?

आपल्या संविधानाने हा प्रश्न शहाणपणाने हाताळला आहे. अनुच्छेद २८ चा तिसरा खंड वाचा. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. विद्यार्थ्याची संमती लागते, आणि तो कायद्याने सज्ञान नसेल तर पालकाची. संस्थेने प्रार्थना ठेवावी, सक्ती करू नये. पण ही संमती किती ठिकाणी खरोखर विचारली जाते? वसतिगृहातली सकाळची प्रार्थना, संस्थापकांच्या पुण्यतिथीची पूजा, गुरुवारची आरती, हे सगळं ‘असतंच’ म्हणून चालतं. जो येत नाही त्याचं नाव वॉर्डनच्या लक्षात राहतं.

सभागृहात काही प्राचार्य आणि संस्थाचालक बसले आहेत, म्हणून एक मागणी करतो. या जूनच्या माहितीपुस्तकात एक ओळ घाला: प्रार्थनेची आणि पूजेची उपस्थिती ऐच्छिक आहे, आणि न येण्याचं कारण कुणी विचारणार नाही. प्रवेश घेतानाच ती मुलांना वाचून दाखवा, कारण सतरा वर्षांचं पोर ते स्वतःहून विचारायला येणार नाही.